फिरकीचा तांब्या आणि जामचा घाट

महू सोडून बडगोंदा मागे पडला, की माळव्याचे पठार आपला सपाटपणा हळूहळू विसरू लागते. शेते आखूड होतात, सागाची झाडे रस्त्याच्या अंगावर येतात, आणि एका वळणापाशी, काही कल्पना नसताना, एक दगडी दरवाजा समोर उभा राहतो. हाच जाम दरवाजा. अहिल्याबाईंनी तो १७९१ मध्ये बांधविला. त्याच्या अलीकडे माळवा संपतो आणि पलीकडे निमाड सुरू होतो. दरवाजातून दक्षिणेकडे पाहावे, तर विंध्याचा कडा पायाशीच तुटलेला दिसतो आणि खाली, फार खाली, नर्मदेचे खोरे उन्हाच्या धुरकट झिलईत पहुडलेले असते. नर्मदाकाठाहून चढून आलेल्या किती बैलांनी, तट्टांनी आणि पायी चालणाऱ्या माणसांनी या कमानीच्या सावलीत दम घेतला असेल, याची गणती नाही. आमच्या मोटारीला मात्र तिथवर पोचण्यापूर्वीच दम लागला. ही हकीकत त्या दमाची आहे.

आम्हा इंदूरच्या मराठी मंडळींना महेश्वर नवे नाही. अहिल्याबाईंच्या कारकीर्दीत होळकरांची राजधानी तिथे होती. पुढे १८१८ मध्ये, मंदसोरच्या तहानंतर, ती इंदुरास आली. राजधानी वर आली, पण आमच्या घरांची ओढ खालीच राहिली. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना महेश्वर दाखवावे, घरात लग्न ठरले की महेश्वरी साड्या तिथूनच आणाव्यात, आणि वर्षातून एकदा तरी रेवामाईच्या पाण्यात पाय बुडवून यावेत, हा आमच्याकडचा जुना परिपाठ. जाण्याचे मार्ग दोन. एक आग्रा-मुंबई हमरस्त्याने मानपूर आणि धामनोद करून जातो. तो रुंद आणि वाहता आहे. दुसरा जामचा घाट उतरून मंडलेश्वरावरून जातो. तो अरुंद, वळणांचा, आणि पावसाळ्यात विलक्षण देखणा. आमचे वडील, नाना, नेहमी दुसऱ्या मार्गाने नेत.

नेत ते आमच्या पद्मिनीतून. १९८४ साली, नाव नोंदवून पुष्कळ वर्षे वाट पाहिल्यावर, ही गाडी आमच्या दारात आली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. तो कारखाना मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या उद्यमशीलतेचे फळ. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी स्थापन केली. इटलीच्या फियाट अकराशेचा हा देशी अवतार १९७० च्या दशकात चितोडच्या राणीचे नाव घेऊन रस्त्यावर आला. चार सिलिंडर, १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यालाच जोडलेला गियर, आणि पुढे एकसंध बाकासारखे आसन. नाना चालवीत, शेजारी आई बसे, दोघांच्या मधे मी. मागे आत्या, बहिणी, दशम्यांची पुरचुंडी आणि पाण्याने भरलेला पितळेचा फिरकीचा तांब्या. त्या तांब्याचे झाकण आटे फिरवून घट्ट बसे, त्यामुळे घाटातल्या कितीही वळणांवर पाण्याचा थेंब सांडत नसे. लहानपणी मला पद्मिनीइतकेच त्या झाकणाचे कौतुक होते.

नाना २०१६ साली गेले. गाडी राहिली. मी ती चालवीत असे, पण शहरातल्या शहरात. शाळेत, बँकेत, फार तर देवासपर्यंत. सकाळी सुरू होते, संध्याकाळी घरी येते, एवढ्यावर माझे समाधान होते.

२०२३ च्या कार्तिकी पौर्णिमेस आईने महेश्वरचा हट्ट धरला. तिचे वय ब्याऐंशी. आमचे चिरंजीव आपली नवी गाडी घेऊन यायला तयार होते, परंतु आई म्हणाली, "मला आपल्याच गाडीतून ने. तीत मला बसता येते. त्या नव्या गाडीत माणूस निजल्यासारखा बसतो." त्याच्या महिनाभर आधीच, ऑक्टोबरच्या अखेरीस, मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. ती वाचून माझ्या मनात थोडा अभिमानही आला होता, की पाहा, आमची अजून चालते आहे!

उतरताना सारे ठीक झाले. महेश्वरच्या घाटावर आईने पाण्यात पाय सोडले, किल्ल्याच्या पायऱ्या मात्र खालूनच पाहिल्या. परतताना मंडलेश्वर सोडून आम्ही घाटाला लागलो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गाडी धापा टाकू लागली. दुसऱ्या गियरचा पहिला केला. वेग बैलगाडीचा झाला. मागच्या काचेतून पाहतो तो काय, आमच्यामागे निळसर-काळ्या धुराचा पडदा! जाम दरवाजा वर दिसत होता, हाकेच्या अंतरावर म्हणावा असा, आणि तिथेच इंजिन बंद पडले.

आई कठड्यावर बसली. पदर नाकाला लावून, काही न बोलता. येणारी-जाणारी तरुण मुले गाडीचे फोटो काढीत होती. मी बॉनेट उघडून उभा होतो. शाळेतील चारशे मुलांसमोर उभे राहताना जो संकोच कधी वाटला नाही, तो मला त्या तासाभरात वाटला. अखेर एका पिकअपवाल्याने गाडी थांबविली. त्याने हवेच्या गाळणीचे झाकण काढले, आणि आतली कागदी गाळणी बाहेर काढून माझ्या हातात दिली. पुरी तळून निथळत ठेवलेला कागद जसा दिसतो, तशी ती तेलाने भिजून थबथबली होती. त्याने डबा पुसला, चारही प्लग काढून काजळी खरवडली, आणि गाळणीवाचूनच गाडी सुरू करून दिली. "हळू जा, आणि ही घाण कुठून येते ते पाहा," एवढे सांगून, पैसे न घेता तो निघून गेला.

कुठून येते, हे पाहण्यासाठी मी आधी एका गॅरेजात गेलो. तिथल्या माणसाने क्षणात निदान केले आणि क्षणात उपचारही सांगितला. इंजिनाच्या टॅपेट कव्हरापासून हवेच्या गाळणीकडे जी रबरी नळी जाते, ती काढायची, तिचे तोंड गाडीच्या पोटाखाली सोडून द्यायचे. तेल रस्त्यावर पडेल, गाळणी कोरडी राहील. पन्नास रुपयांचे काम. ते मला पटले नाही. आपल्या घरातली घाण दुसऱ्याच्या अंगणात लोटावी, असा तो उपाय होता. आणि ज्या घाटावरून पावसाचे पाणी उतरून नर्मदेला मिळते, त्या घाटात तेल ठिबकवीत जायचे हे तर त्याहून वाईट.

मग सियागंजाच्या मागच्या बाजूस, एका बोळात, जुन्या गाड्यांचे काम करणारे एक वृद्ध उस्ताद मला भेटले. नानांनाही ते ओळखत होते. मला ते "माट्साब" म्हणतात. त्यांनी मला जे समजावून दिले, ते पुढे मी पुस्तकांतूनही ताडून पाहिले.

सिलिंडरात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पेटते, आणि त्याच्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनभोवती लोखंडी कड्या असतात, त्यांनाच आपण रिंगा म्हणतो. इंजिन कितीही नवे असो, जळता वायू थोडासा का होईना या रिंगांच्या कडेने निसटून खाली तेलाच्या चेंबरात उतरतोच. तिथे वेगाने फिरणाऱ्या दांड्यामुळे तेलाचे तुषार उडत असतात. वायू त्या तुषारांना पोटात घेतो आणि बाहेर पडण्यास वाट मागतो. वाट न दिली, तर चेंबरात दाब साचतो आणि तेल सील फोडून जिकडेतिकडे पाझरू लागते. म्हणून इंजिनाला उच्छ्वासाची एक नळी ठेवलेली असते. पूर्वीच्या मोटारी हा उच्छ्वास सरळ रस्त्यावर सोडीत. पुढे लॉस एंजेलिससारख्या शहरांत विषारी धुके डोळे चुरचुरवू लागले, तेव्हा १९६० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात अशी योजना आली, की हा वायू परत इंजिनाच्याच श्वासात मिसळावा आणि तिथे जळून जावा. विचार उत्तम. पण इंजिन म्हातारे झाले, रिंगा झिजल्या, म्हणजे निसटणारा वायू वाढतो. घाटात इंजिनावर जोर पडतो तेव्हा तो आणखी वाढतो. त्याच्याबरोबर तेलही वाढते. ते गाळणीत साचते, श्वास कोंडतो, हवा कमी पडून पेट्रोलचे प्रमाण वाढते, प्लग काळे पडतात. आमच्या गाडीचे हेच झाले होते. ती आपलाच उच्छ्वास पुन्हा गिळून गुदमरली होती.

"वायू परत जाऊ द्यायचा," उस्ताद म्हणाले, "तेल तेवढे मधे धरून ठेवायचे. नळीच्या वाटेत एक डबा बसवायचा."

या डब्याला मोटारवाले ऑइल कॅच कॅन म्हणतात. मराठीचा पदव्युत्तर म्हणून मी त्याला 'तैलग्राही पात्र' असे नाव देऊन पाहिले. आमच्या सौ.ना ते हवनाच्या साहित्यातले काहीतरी वाटले. बाजारात असे तयार डबे मिळतात. पण ते धावत्या नव्या गाड्यांसाठी, चकचकीत, आणि किमतीने भारी. उस्ताद म्हणाले, घट्ट झाकणाचा कोणताही धातूचा डबा आणा, लिटरभराचा. प्लॅस्टिक नको, गरमीने मऊ होईल.

घरी येऊन मी फडताळे उघडली. स्टीलचे डबे होते, पण त्यांची झाकणे नुसती दाबून बसणारी. थरथरीने उडून जाणार. आई खाटेवरून पाहत होती. तिने विचारले आणि मी सांगितले. ती उठली, देवघराशेजारच्या कपाटातून फिरकीचा तांब्या काढून तिने माझ्यापुढे ठेवला.

"अगं, यातून आपण पाणी प्यायचो!"

"प्यायचो ना. आता पितो का? प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्यापासून तो कपाटात बसून काळा पडतो आहे. त्याचा जन्म प्रवासासाठी. जाऊ दे त्याला."

सौ. थोड्या हळहळल्या. मीही हळहळलो. पण आईने एकदा दिलेली वस्तू तिच्याकडे परत नेण्याची पद्धत आमच्या घरात नाही.

दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन मी राजवाड्यामागच्या बर्तन बाजारात गेलो. तिथल्या एका कारागिराला काम समजावून सांगताना माझी परीक्षाच झाली. तांब्याच्या खांद्यावर एक भोक, त्यातून पितळी नळी तिरपी आत, अर्ध्या उंचीपर्यंत. ही येण्याची वाट. झाकणाच्या मध्यावर दुसरी नळी, आत न घुसणारी. ही जाण्याची वाट. तळाशी एक छोटी तोटी. नळ्यांचा आतला व्यास मूळ रबरी नळीपेक्षा तसूभरही कमी नको, नाहीतर चेंबरातला दाब अडेल. कारागीर प्रथम नुसता डाख देतो म्हणाला. पण उस्तादांनी बजावले होते, की डाख उष्णतेने आणि हादऱ्यांनी सुटेल, पितळेचा पक्का झाळ हवा. झाळताना त्या जुन्या पितळेवर ज्वाला फिरली आणि वर्षानुवर्षांचा काळा थर उडून आतला पिवळा रंग क्षणभर सोन्यासारखा उमलला. कारागिराने पैसे सांगितले आणि मग विचारले, "यात काय ठेवणार, गंगाजळ?" मी खरे सांगितले. त्याने मान हलवून तांब्याकडे पाहिले, जणू एखादी शिकलीसवरलेली मुलगी अयोग्य स्थळी दिली जात आहे.

आतली रचना घरच्या घरी झाली. भांडी घासायच्या स्टीलच्या तारेच्या तीन नव्या घासण्या मोकळ्या करून मी तांब्याच्या वरच्या अर्ध्या भागात भरल्या आणि खाली पडू नयेत म्हणून जाळीच्या तुकड्याचा आधार दिला. साधी लोखंडी तार वापरू नये. ती गंजते, तिचे कण तुटतात, आणि ते इंजिनात गेले तर उपायच अपाय ठरतो. या तारांचे काम सोपे आहे. अरुंद नळीतून आलेला वायू तांब्याच्या प्रशस्त पोटात शिरला की त्याचा वेग मंदावतो, तो थंड होतो, तारांवर आपटतो. त्यातले तेलाचे सूक्ष्म थेंब तारांना चिकटून एकमेकांत मिसळतात, जड होतात आणि खाली ठिबकतात. वायू तेवढा वरच्या वाटेने पुढे जातो. दही घुसळल्यावर लोणी रवीला धरते, तसाच हा प्रकार.

बसविण्याचे काम उस्तादांच्या बोळात, एका रविवारी झाले. जागा निवडली ती धुराड्याच्या तापलेल्या भागापासून दूर, बाजूच्या पत्र्यावर. तांब्याखाली रबराचा तुकडा, भोवती लोखंडी पट्टा. झाकणाखाली जुना चामड्याचा वायसर होता, त्याजागी तेलाला टिकणारा वायसर घातला. नळ्याही तेलाला टिकणाऱ्या रबराच्या. साधे रबर तेलाने फुगते, आणि पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तडकते. नळ्यांना कुठे पीळ नको की झोळ नको. झोळात पाणी साचते आणि वाट बुजते. अखेरीस उस्तादांनी इंजिन सुरू केले, तेलाच्या तोंडाचे बूच सैल करून वर तळहात धरला, दाब कोंडत नाही याची खात्री केली, आणि म्हणाले, "झाले. पण माट्साब, हे औषध नाही. हे थर्मामीटर आहे."

त्या वाक्याचा अर्थ मला नीट कळायला जामचा घाट पुन्हा चढावा लागला.

१६ फेब्रुवारी २०२४ रोजी माघ शुद्ध सप्तमी, नर्मदा जयंती होती. आईला घेऊन आम्ही पहाटे निघालो. या खेपेस मी बरोबर एक काचेचे मोजपात्र घेतले होते. ते शाळेच्या प्रयोगशाळेतले नव्हे, पदरच्या पैशाचे, हे सांगून ठेवलेले बरे. जाम दरवाजापाशी सूर्य वर आला होता. खालून निमाडचे गार वारे येत होते. इंजिन थोडे निवू देऊन मी तोटी उघडली. पाच-सहा मिलिलिटर पातळ, पांढुरके पिवळे द्रव्य निघाले. त्यात तेल असते, पाणी असते आणि पेट्रोलही असते. म्हणून ते इंजिनात परत ओतू नये, ज्योतीजवळ नेऊ नये आणि जमिनीवर तर मुळीच सांडू नये. ते मी बाटलीत भरले.

महेश्वरास त्या दिवशी घाटांवर पाय ठेवायला जागा नव्हती. अहिल्येश्वराच्या पायऱ्यांपासून पाण्यापर्यंत माणसेच माणसे. प्रवाहाच्या मध्यावर बाणेश्वराचे छोटे देऊळ, आणि काठाकाठाने नर्मदेला साडी नेसविण्याची धांदल. वरच्या गल्ल्यांतून हातमागांचा खटक-खटक आवाज सणाच्या दिवशीही कुठेकुठे येत होता. आईने द्रोणातला दिवा सोडला. तो पुढे जाऊन दुसऱ्या दिव्यांत मिसळेपर्यंत ती पाहत राहिली. "नाना इथेच बसायचे," ती म्हणाली. "आणि वर जायची वेळ झाली की आधी गाडीकडे जाऊन तेलाची काडी पाहून यायचे." मी ते ऐकले, पण मनावर घेतले नाही.

परतीचा चढ सुरू झाला. मंडलेश्वर मागे पडले. पहिले वळण, दुसरे, तिसरे. मी कान इंजिनाकडे लावून बसलो होतो. गाडी कुरकुरत होती, पण गुदमरत नव्हती. धूर होता, पण मागचा रस्ता दिसत होता. गेल्या खेपेच्या कठड्याशी आलो तेव्हा आईने हात जोडले. कोणाला, ते तिने सांगितले नाही. आणि मग दरवाजाची कमान आमच्यावरून सरकली आणि आम्ही माळव्यात आलो.

मोजपात्र भरले तेव्हा मात्र माझा उत्साह मावळला. त्या एवढ्याशा चढात साठ मिलिलिटरच्या वर तेल जमले होते. काळे, दाट. हवेची गाळणी कोरडी होती, म्हणजे तांब्याने आपले काम चोख केले होते. पण त्याने जे धरले होते, ते पाहून उस्तादांचा थर्मामीटर मला आठवला. ताप उतरला नव्हता. तो किती आहे, एवढेच आता दिसत होते.

घरी आल्यावर हे आकडे टिपून ठेवण्यासाठी मी वही शोधू लागलो. आईने नानांची वही आणून दिली. "लिहायचे तर यातच लिही."

ती वही मी पूर्वी कितीदा पाहिली होती. उघडली कधीच नव्हती. नाना हिशेबखात्यातले. १९८४ पासूनची प्रत्येक नोंद त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात होती: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, तेल. मी पाने उलटू लागलो. पहिल्या वर्षांत तेलाचा रकाना रिकामा. फक्त ठरल्या वेळी तेल बदलल्याची नोंद. १९९५ मध्ये इंजिन एकदा बांधलेले. त्यानंतर पुन्हा बरीच वर्षे रिकामा रकाना. मग २००८ च्या सुमारास 'पाव लिटर घातले' अशी पहिली नोंद. मग सहा महिन्यांनी दुसरी. मग तीन महिन्यांनी, मग महिन्याला. २०१३ च्या एका पानावर समासात लिहिले होते: 'रिंगा झिजल्या. यापुढे जाम नको. मानपूरच्या रस्त्याने.'

मला ते वर्ष आठवले. नानांनी एकाएकी जामचा घाट सोडला होता. मी त्यांना म्हणालो होतो, "नाना, आता तुम्हाला वळणांची भीती वाटते." ते हसले होते. त्यांचे वय झाले, असा अर्थ मी काढला होता आणि मित्रमंडळींत तो विनोद म्हणून सांगितलाही होता. वय गाडीचे झाले होते, आणि ते त्यांनी वेळेवर ओळखले होते. मुलाच्या शाळेच्या बदल्या, बहिणीचे लग्न, घराची डागडुजी यांच्यापुढे इंजिनाचा खर्च त्यांनी उच्चारला नसावा. आपला आवडता रस्ता तेवढा मुकाट्याने सोडला.

तीस वर्षे मी मुलांच्या वह्या तपासल्या. समासात लिहिलेला शब्द माझ्या नजरेतून सुटत नाही, अशी माझी शाळेत ख्याती आहे. आणि घरातली एक वही आठ वर्षे कपाटात पडून होती! तांब्याने जे मला मोजून दाखविले, ते तिथे अकरा वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते. आईला कठड्यावर बसावे लागले, ते रिंगा झिजल्यामुळे नव्हे.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. उस्तादांनी चारही सिलिंडरांचा दाब मोजला. एकात तो फारच कमी होता. त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजला, तसा तो वाढला; म्हणजे दोष व्हॉल्व्हांचा नव्हे, रिंगांचाच, हे सिद्ध झाले. गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरणही त्याच वर्षी होते. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या गाड्यांसाठी त्याचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजार झालेले. चिरंजीवांनी हिशेब मांडून दाखविला, की गाडी भंगारात देणेच शहाणपणाचे. तो हिशेब चुकीचा नव्हता. मीही तो मान्य केला असता. पण नानांच्या वहीतला रकाना अर्धवट सोडवेना. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंजिन खोलले, सिलिंडर घासून घेतले, नवे पिस्टन, नव्या रिंगा. महिना गेला आणि माझी बरीचशी शिल्लकही गेली. तपासणीच्या दिवशी धूर मर्यादेत निघाला आणि आणखी पाच वर्षांचा शिक्का मिळाला.

उस्ताद म्हणाले, आता तांब्या काढला तरी चालेल. मी आईला विचारले, काढून, घासूनपुसून कपाटात परत ठेवू का? ती म्हणाली, "राहू दे. नाना काडी पाहायचे. तू काडीही पाहत नाहीस. निदान तोटी तरी उघडशील."

म्हणून तो आहे तिथेच आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बॉनेट उघडतो, तोटी फिरवतो, जे काही निघेल ते मोजतो आणि बाटलीतून उस्तादांच्या जुन्या तेलाच्या पिंपात नेऊन टाकतो. नंतर नानांच्या वहीत, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली, आकडा लिहितो. गेल्या कार्तिकात आम्ही जामच्या घाटाने महेश्वरास जाऊन आलो. परतीच्या चढाला चार मिलिलिटर. आईने विचारले, "किती?" मी सांगितले. ती म्हणाली, "लिहिलेस का?"

लिहिले.